छत्तिसाव्या वर्षी आयटीआय: प्रवेश, कर्ज आणि शिष्यवृत्तीचा आमचा अनुभव

माझ्या धाकट्या जावेने २०२४ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, आयटीआयला प्रवेश घेतला आणि २०२५ मध्ये तिने तो एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केला. शिकण्याचे कष्ट तिचे होते; पैशांची बाजू, म्हणजे शुल्काची जुळवाजुळव, बँकेचे कर्ज आणि राज्य सरकारची शिष्यवृत्ती, मी सांभाळली. मी एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करते, त्यामुळे अर्ज आणि शिक्के यांची धास्ती वाटायचे मला कारण नव्हते. तरीही या वर्षात अनेकदा वाटले की हे काम आपल्या आवाक्यातले नाही. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील आमच्या गावात आणि आसपास तिशी-चाळिशीतल्या बऱ्याच जणी आता तिच्याकडे चौकशीला येऊ लागल्या आहेत, म्हणून जे जसे घडले ते क्रमाने लिहून ठेवत आहे.

एक गोष्ट आधी सांगते, कारण पुढचा बहुतेक त्रास तिच्यातूनच निघाला. प्रौढ माणसाला शिक्षणासाठी मदत मिळत नाही असे नाही, मिळते. मात्र अर्जाचा प्रत्येक रकाना आखताना समोर अठरा वर्षांचा, आई-वडिलांच्या घरी राहणारा, नुकताच शाळेतून बाहेर पडलेला मुलगा धरलेला असतो. वडिलांचे उत्पन्न किती, वडिलांचे आधार कोणते, मागील वर्षी कोठे शिकत होता, पालकाची सही कोठे आहे, अशीच सगळी विचारणा. लग्नाला चौदा वर्षे झालेल्या, दोन मुलांच्या आईला या रकान्यांत बसवायचे तर आधी कागद सरळ करावे लागतात आणि मगच अर्जाला हात घालावा लागतो.

विषय निघाला मे २०२४ मध्ये. दिराचा टेम्पो आहे. भाडे मिळाले तर मिळाले, आणि पावसाळ्यात तर ओढाताण ठरलेलीच. जाऊ घरी शिवणकाम करीत असे, पण तिला ठरावीक वेळेचे आणि महिन्याला पगार देणारे काम हवे होते, आणि संगणक आल्याशिवाय ते मिळणार नाही हे तिला दिसत होते. प्रथम आम्ही बेळगावातील एका खासगी संस्थेत गेलो. सहा महिन्यांचा अभ्यासक्रम, शुल्क पंचावन्न हजार, आणि नोकरीची शंभर टक्के हमी असल्याचे भिंतीवरच रंगवलेले. प्रमाणपत्र कोणाचे मिळणार, असे विचारल्यावर ‘आमच्याच संस्थेचे’ असे उत्तर आले. बँकेचे कर्ज मिळेल का, या प्रश्नावर त्यांनी हप्त्यांची सोय म्हणून एका फायनान्स कंपनीचा फॉर्म पुढे सरकवला. जाऊ तिथल्या तिथे सही करायला निघाली होती, कारण या वयात आपल्याला दुसरे कोणी घेणार नाही अशी तिची समजूत होती. मी विचार करायला दोन दिवस मागून घेतले.

त्या दोन दिवसांत जे समजले, त्याने पुढची दिशा ठरली. बँकांची कौशल्य कर्ज योजना १५ जुलै २०१५ पासून आहे. आयटीआय, पॉलिटेक्निक किंवा राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याशी, म्हणजे एनएसक्यूएफशी, जोडलेल्या अभ्यासक्रमाला हे कर्ज मिळते. त्यासाठी तारण लागत नाही आणि वयाची वरची मर्यादाही नाही. संस्थेने स्वतःच्या लेटरहेडवर दिलेल्या प्रमाणपत्राला मात्र या योजनेत जागा नाही, आणि राज्याच्या शिष्यवृत्तीलाही मान्यताप्राप्त अभ्यासक्रमच लागतो. याचा अर्थ असा की पैसे कोठून येणार हे, आपण कोणता अभ्यासक्रम निवडतो यावरच बहुतांशी ठरते. आधी प्रवेश घ्यायचा आणि मग मदत शोधायची, ही जी सर्वसाधारण पद्धत आहे ती इथे उलटी करावी लागते.

आयटीआयमध्ये कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट नावाचा, सगळे ज्याला ‘कोपा’ म्हणतात तो, दहावीनंतरचा एक वर्षाचा ट्रेड आहे. आयटीआयच्या प्रवेशाला वय किमान चौदा वर्षे लागते, वरची मर्यादा नाही, हे ऐकल्यावर जाऊ पहिल्यांदा मोकळेपणाने हसली. संस्था खरोखरच संलग्न आहे की नाही, हे तिच्या सांकेतिक क्रमांकावरून तपासता येते: सरकारी आयटीआयचा क्रमांक ‘जीआर’ने आणि खासगीचा ‘पीआर’ने सुरू होतो व पुढे कर्नाटकासाठी २९ हा आकडा येतो. हा क्रमांक केंद्राच्या संकेतस्थळावर घालून तिथे आपला ट्रेड दिसतो का, हे स्वतः पाहावे. माहितीपत्रकावर छापलेल्या शिक्क्यांवर विसंबू नये.

मोफत वाटाही आम्ही पाहिल्या. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतील प्रशिक्षणाला शुल्क नसते, पण हव्या त्या विषयाची तुकडी हव्या त्या वेळी जवळपास सुरू असेल याची खात्री नसते. बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत, म्हणजे आरसेटीत, राहण्या-जेवणासह मोफत शिकवतात. ज्यांना शिवण, ब्युटी पार्लर, दुग्धव्यवसाय अशा स्वतःच्या धंद्यासाठी शिकायचे आहे त्यांनी कर्जाचा विचारसुद्धा करण्याआधी तिथे जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कोल्हापूरच्या नात्यातल्यांनी महाराष्ट्रात प्रवेश घ्यायला सुचवले. सीमाभागातील ८६५ गावांतल्या मराठी भाषक विद्यार्थ्यांना तिकडच्या तंत्रशिक्षणाच्या प्रवेशात संधी असते हे खरे आहे, पण दोन शाळकरी मुले घरी ठेवून रोज कोल्हापूर गाठणे तिला शक्य नव्हते, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

जूनचा महिना नावातच गेला. दहावीच्या गुणपत्रिकेवर तिचे माहेरचे नाव, वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव. आधारवर लग्नात बदललेले नाव, पतीचे नाव आणि सासरचे आडनाव. रेशनकार्डावर तेच नाव कन्नडमध्ये, एका अक्षराच्या फरकाने. मराठी घरांत लग्नात नाव बदलण्याची चाल होती, आणि त्या वेळी हौसेने घातलेले नाव आज शिक्षणाच्या आड येते हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. आम्ही दोन गोष्टी केल्या. नोटरीकडे ई-स्टॅम्पवर ‘ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत’ असे प्रतिज्ञापत्र करून घेतले, ज्याला सगळे मिळून तीनेकशे रुपये लागले. आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडून आधारवरचे तिचे स्वतःचे नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे करून घेतले, पतीचे नाव व आडनाव तसेच ठेवले. आधारवर नाव जन्मात दोनदाच बदलता येते, त्यामुळे अर्ज देण्यापूर्वी स्पेलिंग गुणपत्रिका समोर ठेवून तपासावे. तेव्हा दुरुस्तीचे शुल्क ५० रुपये होते. नोंदणीचा दाखला नसेल, आणि खेड्यांत तो बहुतेकांकडे नसतो, तर दुय्यम निबंधक कार्यालयात आधी विवाह नोंदणी करून घ्यावी लागते. तिचा वेळ हिशेबात धरावा.

नाव बदलून आले तेव्हा जुलै उजाडला होता आणि खानापूरचा पाऊस सुरू झाला होता. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला होबळीच्या, म्हणजे तालुक्याखालच्या महसुली विभागाच्या, नाडकचेरीतून काढायचा. वीज गेली की सर्व्हर बंद, सर्व्हर आला की रांग, आणि ओढ्याला पाणी आले की बसच नाही, अशा स्थितीत तो महिना काढला. मराठा समाज कर्नाटकात मागासवर्गांपैकी ३ बी प्रवर्गात येतो, त्यामुळे जातीच्या दाखल्यासाठी वडिलांच्या बाजूचे कागद लागले, तर उत्पन्न मात्र पतीच्या कुटुंबाचे धरले गेले. हा फरक खिडकीवर कोणी समजावून सांगत नाही. माहेरचा शाळा सोडल्याचा दाखला आणि सासरचे रेशनकार्ड, दोन्हींच्या मूळ प्रती पिशवीत असल्याने आमची एक फेरी वाचली. तलाठ्यांनी घरी येऊन चौकशी केली, शेती किती, टेम्पो कोणाच्या नावावर, असे विचारले आणि अहवाल वर पाठवला.

अर्ज दिल्यावर जी पोच मिळते तिच्यावर ‘सकाल’ या, सरकारी सेवा ठरलेल्या मुदतीत देण्याच्या, कायद्याखालचा क्रमांक आणि दाखला देण्याची शेवटची तारीख छापलेली असते. ती पोच जपून ठेवावी. तारीख उलटल्यावर मी ती खिडकीवर ठेवून नम्रपणे ‘साहेब, यावर कालची तारीख आहे’ एवढेच म्हणाले आणि दाखला त्याच आठवड्यात आला. दाखल्यावरचा ‘आरडी’ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक हाच पुढे सगळीकडे लागतो, कागद हरवला तरी चालेल, पण तो क्रमांक वहीत लिहून ठेवलेला असावा. कन्नड वाचता येत नसेल तर दाखला हाती पडताच जाणकाराकडून नाव आणि गाव वाचून घ्यावे. मला अडखळत का होईना कन्नड वाचता येते, त्यामुळे गावाच्या नावातली चूक तिथल्या तिथे दुरुस्त करून घेता आली.

सरकारी आयटीआयच्या यादीत जावेचा नंबर लागला नाही. यादी दहावीच्या गुणांवर लागते, आणि २००४ साली मराठी माध्यमातून मिळवलेले तिचे गुण आजच्या मुलांच्या गुणांपुढे टिकणारे नव्हते. ती त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन, आधीच तपासून ठेवलेल्या बेळगावजवळच्या एका खासगी आयटीआयमध्ये गेले. वर्षाचे शुल्क ४२ हजार, त्यापैकी दहा हजार प्रवेशाच्या वेळी. ते आमच्या भिशीतून दिले. प्राचार्यांना मी पहिल्याच भेटीत तीन कागद मागितले: प्रवेश निश्चित झाल्याचे पत्र, शुल्काचा तपशीलवार तक्ता आणि संस्थेच्या संलग्नतेची प्रत. यांतले एकही पत्र कमी असेल तर बँकेत बसायलासुद्धा सांगत नाहीत, हे पतसंस्थेतील अनुभवावरून मला ठाऊक होते.

आता बँकेविषयी, कारण सर्वांत जास्त वेळ आणि मनःस्ताप तिथेच गेला. जावेचे खाते असलेल्या राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत आम्ही ऑगस्टच्या मध्यावर गेलो. ‘आयटीआयला शैक्षणिक कर्ज नसते’ हे पहिले वाक्य. ते शैक्षणिक कर्ज नव्हे, कौशल्य कर्ज, असे म्हणून मी योजनेची छापील प्रत पुढे ठेवली. मूळ योजनेत पाच हजारांपासून दीड लाखापर्यंत कर्ज मिळत असे. २५ जुलै २०२४ रोजी सुधारित योजना आली आणि मर्यादा साडेसात लाख झाली. आमची गरज पस्तीस हजारांची, त्यामुळे जुनी मर्यादाही पुरेशी होती. पण शाखेत नवे परिपत्रक आलेले नाही, ते आल्यावर बघू, या सबबीवर ऑगस्ट संपला. दरम्यान तिचे वर्ग सुरू झाले होते आणि संस्था दुसऱ्या हप्त्याची आठवण करून देत होती.

गणपतीनंतर मी मार्ग बदलला आणि विद्यालक्ष्मी या, शिक्षणासाठीच्या कर्जाचे अर्ज ऑनलाइन घेणाऱ्या, पोर्टलवर रीतसर अर्ज भरला. तोंडी चौकशीला तोंडी नकार मिळतो आणि त्याची कोठेही नोंद राहत नाही. पोर्टलवरच्या अर्जाला क्रमांक असतो, त्यावर बँकेला काहीतरी निर्णय लिहावाच लागतो. शाखाधिकाऱ्यांचा सूर त्यानंतर बदलला. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या शाखेत असे कर्ज पूर्वी कोणी मागितलेच नव्हते, आणि जे कधी केले नाही ते नाकारणे कोणत्याही कार्यालयात सोपे असते.

मग प्रश्न आले ते तिच्या वयाचे. दहावीनंतर वीस वर्षे काय केले, याचे स्पष्टीकरण लेखी मागितले. तिने ते स्वतः मराठीत लिहिले, मी त्याचे इंग्रजी केले: लग्न, मुले, सासूबाईंचे आजारपण, शिवणकाम. लग्न झालेल्या बाईने आता शिकून कर्ज कसे फेडायचे, असेही तिला विचारले गेले, आणि त्यावर तिने शिवणकामाच्या हिशेबाची वही काढून दाखवली. महिन्याला किती ब्लाऊज, किती रुपये, सगळे तारखेनिशी. प्रौढ अर्जदाराकडे पदवी नसते, पण असा कमाईचा पुरावा असतो. तो वहीच्या रूपात का होईना सोबत न्यावा, अशी माझी सर्वांना आग्रहाची सूचना आहे.

खरी अडचण सहकर्जदाराची निघाली. अविवाहित विद्यार्थ्याबरोबर आई किंवा वडील सही करतात. विवाहितेबाबत पती, आई-वडील किंवा सासू-सासरे यांपैकी कोणीही चालतात. दिराने सही करायची तयारी दाखवली, पण टेम्पोचे दोन-तीन हप्ते पूर्वी थकल्यामुळे त्याचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरचा गुणांक, खाली आला होता आणि बँकेने मान हलवली. त्या संध्याकाळी घरात कोणी फारसे बोलले नाही. शेवटी मामंजींनी आपणहून विषय काढला. ते टपाल खात्यातून निवृत्त झालेले, पेन्शन नियमित, कधी कोणाचे देणे ठेवले नाही. बँकेत त्यांनी करारपत्राचे प्रत्येक पान मला वाचून दाखवायला लावले, दोन ठिकाणी शंका विचारल्या आणि मगच सही केली. सुनेच्या कर्जावर सासऱ्यांची सही, हे पाहून खिडकीवरचा कर्मचारी थोडा चकित झाला होता.

मंजुरी दसऱ्यानंतर, ऑक्टोबरच्या अखेरीस आली: पस्तीस हजार, त्यापैकी बत्तीस हजार संस्थेच्या खात्यावर दोन हप्त्यांत आणि तीन हजार पुस्तके व गणवेशासाठी पावत्या दाखवून. या योजनेत प्रक्रिया शुल्क घेतले जात नाही. आम्हाला फक्त स्टॅम्पचा खर्च आला. कर्जाबरोबर विम्याची पॉलिसी घ्या, असे सुचवले गेले तेव्हा ती योजनेची अट आहे का, असे विचारले आणि तो विषय पुन्हा निघाला नाही. मंजुरीपत्र घरी नेऊन वाचण्याची मुभा मागावी. व्याजदर बदलता आहे का, शिकत असताना व्याज भरायचे की साठवायचे, पहिला हप्ता कधी, या तीन ओळी तरी नीट पाहाव्यात. आम्ही व्याज दरमहा भरायचे ठरवले. पूर्ण रक्कम उचलल्यावर ते महिन्याला सव्वातीनशेच्या आसपास येत होते आणि जाऊ ते शिवणाच्या पैशांतून भरत असे.

एका मदतीचा उल्लेख कोणत्याही शिष्यवृत्तीच्या यादीत सापडणार नाही, ती म्हणजे शक्ती योजना. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या महिलांना राज्यातील साध्या सरकारी बसमधून मोफत प्रवास आहे, आणि खानापूर-बेळगाव रोज जाऊन येण्याचा वर्षभराचा खर्च त्यामुळे पूर्ण वाचला. जानेवारी २०२५ मध्ये भाडेवाढ झाली तेव्हा सोबतच्या मुलांची कुरकुर ऐकताना तिला हे जास्तच जाणवले. आधार सोबत ठेवावे लागते आणि शून्य रुपयांचे तिकीट मागून घ्यावे लागते, एवढेच. बस भरून येते, सकाळी उभ्यानेच जावे लागते. पण संस्था निवडताना वाहतुकीचा हा हिशेब आम्ही केला नसता तर पस्तीस हजारांचे कर्ज पन्नास हजारांच्या पुढे गेले असते.

शिष्यवृत्तीचा अर्ज राज्याच्या एसएसपी, म्हणजे स्टेट स्कॉलरशिप पोर्टलवर डिसेंबरमध्ये भरला. आयटीआय दहावीनंतरचे शिक्षण असल्याने ते मॅट्रिकोत्तर विभागात येते आणि ३ बी प्रवर्गाचा अर्ज मागासवर्ग कल्याण खात्याकडे जातो. इथे जूनमधले सगळे कष्ट फळाला आले: आधार क्रमांक घातल्यावर नाव बरोबर उमटले, आरडी क्रमांक घातल्यावर जात आणि उत्पन्न आपोआप आले. अडले ते वडिलांच्या आणि आईच्या आधारवर. तिचे वडील हयात नाहीत, आई माहेरी असते. आईचे आधार, वडिलांचा मृत्यूचा दाखला आणि शिवाय पतीच्या उत्पन्नाचा दाखला, असा तिढा सायबर सेंटरमधल्या मुलाला सुटेना. आम्ही पोर्टलशी झगडत बसण्याऐवजी तालुक्याच्या मागासवर्ग कल्याण कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी रकाने कसे भरायचे ते दहा मिनिटांत सांगितले, वर कन्नडमधून मला म्हणाल्या की लग्न झालेल्या मुली अर्जच करत नाहीत म्हणून आम्हालाही सवय नाही. कागदांचे ई-साक्षांकन संस्थेतील नेमलेल्या अधिकाऱ्याकडून होते. ते कोण आहेत हे प्रवेशाच्या वेळीच विचारून ठेवावे, कारण शेवटच्या आठवड्यात त्यांच्या टेबलाभोवती शंभर मुले उभी असतात.

पैसे मंजूर झाल्याचे पोर्टलवर एप्रिलमध्ये दिसले, पण पासबुकात काही नाही. जाऊ घाबरली, कोणीतरी मध्येच उचलले असे तिला वाटले. थेट लाभाची रक्कम आपण अर्जात लिहिलेल्या खात्यात नव्हे, तर एनपीसीआय या बँक व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या नोंदीत आधारशी जे खाते जोडलेले असते त्यात जाते. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे या जोडणीची, स्थिती पाहिली, तेव्हा जनधनच्या काळात दुसऱ्याच बँकेत उघडलेले, पासबुकही न सापडणारे खाते पुढे आले. पैसे तिथे सुखरूप होते. त्या बँकेत ओळख पटवून खाते पुन्हा चालू करून घेतले आणि पुढील लाभासाठी जोडणी चालू खात्याकडे बदलली. अर्ज भरण्यापूर्वी ही स्थिती पाहायला पाच मिनिटे लागतात. रक्कम मोठी नव्हती. परीक्षेचे शुल्क आणि वर्षभराचे किरकोळ खर्च तिच्यातून निघाले. पण आपल्या नावावर सरकारने शिक्षणासाठी पैसे दिले याचे तिला जे वाटले, ते रकमेच्या मानाने फार मोठे होते.

अभ्यासाविषयी थोडक्यात. वर्गात बाकी सगळी सतरा-अठरा वर्षांची मुले, शिकवणे कन्नड आणि इंग्रजीतून. पहिले दोन महिने ती घरी येऊन रडत असे. चेन्नईच्या निमी संस्थेची आयटीआयची पुस्तके भारत स्किल्स या सरकारी संकेतस्थळावर मराठीतही मिळतात, हे कळल्यावर तिने आधी मराठीत वाचायचे आणि मग इंग्रजी पुस्तकात तेच शोधायचे, असा क्रम लावला. परीक्षा संगणकावर होते, त्यामुळे तिथल्याच प्रश्नसंचांचा सराव कामी आला. मुलांनी पहिल्या दिवसापासून तिला ‘अक्का’ म्हटले आणि टायपिंगमध्ये तिने त्यांना लवकरच मागे टाकले. शिलाई मशीनवर बसलेल्या बोटांना कीबोर्ड जड गेला नाही.

निकाल लागल्यानंतर ती तालुक्याच्या ठिकाणी एका ऑनलाइन सेवा केंद्रात कामाला लागली आहे. पगार सुरुवातीचा आहे आणि काम पाहून वाढवू असे मालकांनी सांगितले आहे. कर्जाची परतफेड मंजुरीपत्राप्रमाणे अभ्यासक्रम संपल्यानंतर सहा महिन्यांनी, म्हणजे २०२६ च्या सुरुवातीपासून आहे. पन्नास हजारांपर्यंतच्या कर्जाला तीन वर्षांची मुदत असते, त्यानुसार हप्ता साडेअकराशेच्या आत बसतो. मुदतीपूर्वी फेड केल्यास दंड नाही, हे आम्ही शाखेतून लेखी घेतले आहे. भिशीचा तिचा नंबर पाडव्याच्या महिन्यात आहे. ती रक्कम थेट कर्ज खात्यावर भरायची आणि मामंजींचे नाव शक्य तितक्या लवकर त्या कागदावरून मोकळे करायचे, असे तिने ठरवले आहे.